बाबू गेनूच्या काळात झेंड्यात केशरी नव्हता

केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकीच्या सगळ्यांचा. ऑगस्ट महिना लागला की आंबेगाव तालुक्यात घोडेगावापासून तळेघरपर्यंत हे वाक्य कुठे ना कुठे कानावर पडतंच. प्रभातफेरीत पडतं, शाळेतल्या पोरांच्या पाठ केलेल्या भाषणात पडतं, एसटीची वाट पाहणाऱ्यांच्या गप्पांत पडतं. सांगणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. उलट बहुतेकांना हा सर्वधर्मसमभावाचा उत्तम नमुना वाटतो आणि ते मोठ्या प्रेमाने सांगतात. पण ते चूक आहे. नव्वदहून जास्त वर्षं ते चूक आहे, आणि तरीही दरवर्षी नव्या पिढीच्या तोंडी तसंच्या तसं घातलं जातं. एकदा हा हिशेब मान्य केला की पुढचे प्रश्न आपोआप निघतात: कुणाचा पट्टा वर, कुणाचा खाली, कुणाच्या वाट्याला किती कापड? झेंड्यावरून जे भांडण कधीच लागायला नको, त्याचं बी या एका वाक्यात आहे.

वाक्य मुळात आलं कुठून, ते आधी पाहू. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक भरली असताना पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगाचा आराखडा दाखवला. जालंधरच्या लाला हंसराज यांनी त्यावर चरखा असावा असं सुचवलं होतं. गांधीजींनी त्यात पांढरा रंग घालायला लावला आणि १३ एप्रिल १९२१च्या ‘यंग इंडिया’त त्याचा अर्थही लिहिला: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर धर्मीयांचा. म्हणजे धर्मांची वाटणी कुणाच्या डोक्यातून आजकाल निघालेली नाही. ती खुद्द गांधीजींनी केली होती. मात्र ती ज्या झेंड्यासाठी केली, तो झेंडा आजचा नव्हे. त्यात पांढरा पट्टा सगळ्यात वर होता, मध्ये हिरवा आणि खाली लाल. तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. केशरी रंगाचा एक धागाही त्यात नव्हता.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, तो याच झेंड्यासाठी. जमनालाल बजाज आणि पुढे वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली देशभरातून आलेले सत्याग्रही झेंडा घेऊन निघत आणि अटक करून घेत. १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेवर लागला तोही हाच.

आणि बाबू गेनू सैद. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याखाली चिरडला गेला. वय अवघं बावीस. आपल्या तालुक्याचा हुतात्मा म्हणून शाळाशाळांतून त्याच्यावर नाटुकली बसवली जातात, त्याची वेशभूषा करून पोरं उभी राहतात, आणि त्या पोरांच्या हातात देतात अशोकचक्राचा तिरंगा. बाबू गेनूने तो झेंडा आयुष्यात पाहिलेला नाही. तो ज्या चळवळीत उतरला, तिचा झेंडा पांढरा, हिरवा आणि लाल होता. केशरी रंग राष्ट्रध्वजात आला तो त्याच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी.

तो कसा आला, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण धर्मांची वाटणी नेमकी इथे मोडीत निघाली. लाल-हिरव्याला धर्म चिकटवल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं. शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? त्यांचं म्हणणं रास्त होतं. एकदा वाटणी मान्य केली की कुणाला नाही कशाच्या आधारावर म्हणायचं? १९३१च्या एप्रिलमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची ध्वज समिती नेमली. वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, पट्टाभी सीतारामय्या, सेवादलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि मराठी वाचकांना परके नसलेले काकासाहेब कालेलकर. या समितीने शिफारस केली ती संपूर्ण झेंडा एकाच केशरी रंगाचा असावा आणि त्यावर चरखा असावा अशी. नावं पुन्हा एकदा वाचावीत. ज्या समितीत आझाद आणि नेहरू होते, तिने एकरंगी केशरी झेंडा सुचवला, कारण त्या सगळ्यांच्या लेखी तो रंग कुणा एका धर्माचा नव्हता.

ती शिफारस मान्य झाली नाही. तीन रंगांवर लोकांचा जीव जडला होता, त्यासाठी माणसं तुरुंगात गेली होती. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला अखिल भारतीय काँग्रेस समितीने मधला मार्ग काढला: पट्टे तीनच, पण लालच्या जागी केशरी, आणि क्रम केशरी, पांढरा, हिरवा, पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळा चरखा. त्याच ठरावात स्पष्ट लिहिलं की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, चरखा म्हणजे जनतेची आशा. शंकेला जागा राहू नये म्हणून मुद्दाम लिहिलेलं हे कलम आहे. ते शाळेत सांगितलं जात नाही आणि १९२१चा रद्द झालेला अर्थ मात्र १९३१च्या झेंड्याला डकवून सांगितला जातो, तोही लालच्या जागी केशरी घालून. राग येतो तो याचा. माहिती दडवलेली नाही, कुठल्या गुप्त दप्तरात नाही; फक्त उघडून वाचायची तसदी कुणी घेत नाही.

१९४७ला हा विषय पुन्हा निघाला. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलैला संविधान सभेने झेंडा स्वीकारला. त्या ठरावात रंगांचे अर्थ दिलेलेच नाहीत; गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, सारख्या रुंदीचे पट्टे, दोनास तीन हे प्रमाण, आणि चरख्याचं प्रतीक म्हणून सारनाथच्या सिंहस्तंभावरचं चक्र, एवढंच आहे. ठराव मांडताना नेहरूंनी सांगितलं की काही लोक झेंड्याकडे जातीय नजरेने पाहतात, पण तो घडवताना तसा अर्थ त्यात नव्हता. १९३१च्या झेंड्यापुरतं हे अगदी खरं. १९२१चा लेख समोर ठेवला तर तितकंसं खरं नाही, आणि गोंधळाला तेवढीच फट मिळते. त्याच चर्चेत राधाकृष्णन यांनी केशरीतला विरक्तीचा, पांढऱ्यातला सत्याच्या प्रकाशाचा आणि हिरव्यातला मातीशी व झाडाझुडपांशी असलेल्या नात्याचा अर्थ उलगडला. भीमाशंकरच्या जंगलाच्या कुशीत आणि भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या तळेघरच्या पोरांना हा हिरवा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. तो त्यांच्यापर्यंत पोचवायला मात्र हवा.

या गोंधळात पडद्याचा वाटा मोठा आहे. सिनेमात आणि मालिकांत स्वातंत्र्यलढा म्हटला की मोर्चाच्या हाती सर्रास चक्राचा तिरंगा दिला जातो, मग साल १९२० असो की १९४२. नंदुरबारचा शाळकरी शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ला पोलिसांच्या गोळीने पडला, तेव्हाच्या तिरंग्यावर चरखा होता. चक्र यायला अजून जवळपास पाच वर्षं होती. वेशभूषेतल्या टोपीच्या घडीवर वाद घालणारे लोक झेंड्याबाबत इतके निष्काळजी कसे राहतात, हे कोडं आहे. पडद्यावर जे दिसतं तेच लोकांच्या डोळ्यांत बसतं, आणि पुढे पोस्टर, रांगोळी, गॅदरिंग सगळीकडे तेच उतरतं.

पडद्यावरच्या झेंड्याची ताकद इंग्रजांना मात्र बरोबर कळली होती. बाबू गेनू गेला त्याच १९३० साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने शिवरायांवर मूकपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि शिवाजी महाराजांच्या भूमिकेतही तेच. चित्रपटाचं नाव होतं ‘स्वराज्याचं तोरण’. सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला आणि किल्ल्यावर झेंडा फडकण्याचा प्रसंगही. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं, तेव्हा कुठे चित्रपट लोकांपुढे आला. भगवा सतराव्या शतकातल्या गडावर लागला तरी प्रेक्षक त्यात विसाव्या शतकातला झेंडा पाहणार, हे सरकारला ठाऊक होतं.

याच पडद्यामुळे भगव्याबद्दलही एक समज रुजलाय: सिनेमात दिसतो तसाच महाराजांचा झेंडा होता. पडद्यावरचा झेंडा कला दिग्दर्शकाने केलेला असतो. तो पुरावा ठरत नाही. २०१९ साली ‘तान्हाजी’ चित्रपटाची झलक आली तेव्हा झेंड्यावरच्या ‘ॐ’ला संभाजी ब्रिगेडने हरकत घेतली ती याच मुद्द्यावर. जरीपटका आणि भगवा एकच, असंही सर्रास बोललं जातं. जरीपटका हे सरदाराला मानाने दिलं जाणारं जरीचं निशाण, दोन्ही वेगळे. आणि शेजारच्या जुन्नरची गोष्ट: शिवनेरीवर कायमस्वरूपी भगवा असावा म्हणून २०२३च्या फेब्रुवारीत खासदार अमोल कोल्हे यांनी मोहीम काढली, तेव्हा भगव्यावर बंदी आहे अशी आवई उठली. शिवनेरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि तिथे कायमचं काही उभारायला त्या खात्याचे नियम आड येतात. वाद त्या नियमांचा होता. छोट्या पडद्यावर शिवराय आणि संभाजीराजे साकारलेल्या माणसाने ही मागणी केल्यामुळे ती घरोघरी पोचली, हेही तितकंच खरं.

ज्यांना झेंडा पहिल्यापासून असाच होता असं वाटतं, त्यांनी पुण्याला गेल्यावर केसरीवाड्यात डोकवावं. मादाम कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ला जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा तिथे जपलेला आहे. वर हिरवा, मध्ये ‘वन्दे मातरम्’, खाली लाल, त्यावर सूर्य आणि चंद्रकोर. पुढे १९१७च्या सुमारास टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा झेंडा आला: पाच लाल आणि चार हिरवे पट्टे, सप्तर्षी, आणि एका कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. आज पाहताना धक्का बसतो, पण ती मागणी साम्राज्यातल्या स्वराज्याची होती आणि झेंडाही तेच सांगत होता.

बाकीचे समज झटपट उरकता येतात.

आजचा झेंडा एकट्या पिंगली वेंकय्यांनी काढला, हे अर्धं खरं: सुरुवातीचा आराखडा त्यांचा, आजचं रूप दोन समित्यांतून आणि ठरावांतून आलेलं. चक्राच्या चोवीस आऱ्या म्हणजे चोवीस तास किंवा चोवीस गुण, ही नंतरची भर. ठराव फक्त सारनाथच्या चक्राकडे बोट दाखवतो. झेंडा खादीचाच हवा, हा नियम ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर उरलेला नाही. पॉलिस्टरचा आणि यंत्रावर बनवलेलाही चालतो. सूर्यास्ताला उतरवलाच पाहिजे, हेही घरावरच्या किंवा उघड्यावरच्या झेंड्यापुरतं जुलै २०२२पासून बदललं. तो रात्रंदिवस ठेवता येतो. चित्रपटगृहात राष्ट्रगीत आणि पडद्यावर झेंडा सक्तीचा, असं अजूनही कुणी कुणी सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ला दिलेला तो आदेश ९ जानेवारी २०१८ला बदलला आणि राष्ट्रगीत वाजवणं ऐच्छिक झालं. गाडीवर झेंडा लावून मिरवण्याची मुभा मात्र सगळ्यांना नाही. ध्वजसंहितेत ती ठरावीक पदांपुरतीच आहे, देशप्रेम कितीही असलं तरी.

तळेघरला सर्वाधिक लागू पडणारा समज पावसाचा. ऐन ऑगस्टात इथे मुसळधार लागलेला असतो, आणि झेंडा भिजला तर अपमान होतो म्हणून तो लावू नये किंवा घाईने उतरवावा असं सांगणारे भेटतात. सार्वजनिक इमारतींवरचा झेंडा हवामान कसंही असलं तरी लावावा, असं ध्वजसंहिता सांगते. भिजण्याने अपमान होत नाही. फाटलेला, विटलेला झेंडा तसाच काठीवर लोंबत ठेवला तर होतो, आणि १६ ऑगस्टला वाड्यावस्त्यांवर खरी काळजी त्याचीच घ्यायला हवी. असा झेंडा कचऱ्यात टाकायचा नाही, पुसायला वापरायचा नाही. एकांतात, मान राखून, पूर्णपणे नष्ट करायचा, शक्यतो जाळून.