स्मार्टफोनमधील ‘रूट’ अधिकार : प्रणाली-अपडेटनंतरची पुनःप्राप्ती आणि विदेचे जतन

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठचे इनामगाव हे तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीमुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या कालखंडात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी ही त्या कार्याशी निगडित असलेली प्रमुख नावे होत. या उत्खननात तरुणपणी मजुरी केलेल्या परिसरातील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, या हेतूने प्रस्तुत लेखकाने काही विद्यार्थ्यांसह एक छोटा उपक्रम हाती घेतला. त्यासाठी विभागातील एक जुना अँड्रॉइड फोन वापरण्यात आला. मुद्रणाचे अॅप आपल्या फाइली स्वतःच्या खाजगी फोल्डरात ठेवीत असे. त्या फोल्डरापर्यंत पोहोचण्यासाठी फोन ‘रूट’ केलेला होता आणि दररोज रात्री एक लहानशी आज्ञावली त्या फाइलींची प्रत मेमरी कार्डावर उतरवीत असे.

एके दिवशी फोनने प्रणालीचे अपडेट स्वीकारले. फोन पूर्ववत चालू लागला, मुद्रणही होत राहिले. परंतु रूट अधिकार गेला होता आणि रात्रीची प्रत निघणे बंद झाले होते. ही गोष्ट सुमारे तीन आठवड्यांनी लक्षात आली. त्या काळातील मुद्रणे केवळ फोनच्या पोटात होती आणि त्यांत अशा एका आजींचे कथन होते, ज्या दरम्यानच्या काळात निवर्तल्या होत्या. अपडेटनंतर रूट अधिकार का नाहीसा होतो, तो पुन्हा कसा मिळवावा आणि मुळात मिळवावा की नाही, या तीन प्रश्नांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. क्षेत्रीय संशोधनात फोन वापरणाऱ्या सर्वच विद्याशाखांच्या प्राध्यापकांना तो उपयुक्त ठरावा.

‘रूट’ म्हणजे काय?

अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे आणि लिनक्सने अधिकारांची रचना युनिक्सकडून घेतली आहे. युनिक्सची निर्मिती १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. एकाच संगणकावर अनेकजण काम करीत असल्याने प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक देण्यात येई आणि एकाच्या फाइली दुसऱ्याला उघडता येत नसत. शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला मात्र ही बंधने लागू नसत. हाच ‘रूट’ होय.

अँड्रॉइडने या व्यवस्थेचा वापर निराळ्या रीतीने केला. येथे क्रमांक माणसांऐवजी अॅपना दिले जातात. प्रत्येक अॅप जणू स्वतंत्र वापरकर्ता असते आणि त्याचे खाजगी फोल्डर इतरांसाठी बंद असते. बँकेच्या अॅपमधील माहिती खेळाच्या अॅपला वाचता येत नाही ती यामुळेच. फोन विकत घेणाऱ्यालाही शून्य क्रमांकाचा अधिकार दिला जात नाही. सदनिका आपल्या मालकीची असावी, पण गच्चीची किल्ली सोसायटीच्या कार्यालयात असावी, असा हा प्रकार आहे. किल्ली कार्यालयात ठेवण्याची कारणे रास्त असतात. परंतु गच्चीवरील टाकी फुटते तेव्हा ती किल्ली आपल्याकडे असावी असेही वाटते.

अपडेट आणि रूट : एक जुना संघर्ष

अपडेटमुळे रूट जाणे हे अँड्रॉइडच्या जन्माइतकेच जुने आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये अमेरिकेत ‘टी-मोबाइल जी-१’ या नावाने विक्रीस आला. त्याच्या आरसी-२९ या प्रणालीत एक विलक्षण दोष होता. कळफलकावर जे टंकित होई ते पडद्याआड रूटच्या अधिकाराने आज्ञा म्हणूनही चालविले जाई. एखाद्याने निरोपात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द वेगळ्या ओळीवर लिहिला, तर फोन खरोखरच पुन्हा सुरू होई. नोव्हेंबर २००८ मध्ये हा दोष उघड झाला आणि आरसी-३० या अपडेटने तो दूर केला. त्याबरोबर या दोषाच्या आधारे मिळालेला रूट अधिकारही गेला. तेव्हा अनेकांनी फोन पुन्हा आरसी-२९ वर नेऊन तो परत मिळविला. सुरक्षेची दुरुस्ती आणि मालकाचा अधिकार यांतील पेच या पहिल्याच प्रसंगात स्पष्ट झाला होता.

मराठी वापरकर्त्यांना या पेचाचा अनुभव अक्षरांच्या निमित्ताने आला. अँड्रॉइडच्या आरंभीच्या, विशेषतः २ या अंकाने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांत, अनेक फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी चौकोन दिसत किंवा जोडाक्षरे तुटलेली व वेलांट्या भलत्या जागी पडलेल्या दिसत. देवनागरी टंक प्रणालीच्या फोल्डरात बसवायचा तर रूट आवश्यक होते. पुढे अपडेट आले की प्रणालीचे फोल्डर नव्याने लिहिले जाई आणि रूटसह टंकही पुसला जाई. २०१४ च्या ५.० आवृत्तीत मराठीला प्रणालीच्या भाषांत स्थान मिळाले. तोपर्यंत मराठी वाचण्यासाठी रूट करणे हा अनेकांच्या लेखी छंद नसून गरज होती.

अपडेटनंतर अधिकार का जातो?

प्रारंभीच्या काळात रूट मिळविणे म्हणजे ‘एसयू’ ही लहानशी फाइल प्रणालीच्या विभागात ठेवणे एवढेच असे. अँड्रॉइड ४.३ (२०१३) पासून अॅपमधून अशी फाइल थेट चालविणे रोखण्यात आले. ५.० मध्ये एसई-लिनक्सची बंधने सर्वत्र लागू झाली. ७.० (२०१६) पासून नव्या फोनांत ‘सत्यापित प्रारंभ’ कठोरपणे अमलात आला. फोन सुरू होताना बूटलोडर हा पहिला कार्यक्रम पुढील टप्प्याची अंकीय स्वाक्षरी तपासतो, तो टप्पा त्यापुढच्याची तपासणी करतो आणि मधल्या कोणत्याही भागात बदल आढळल्यास फोन पुढे जात नाही.

याला उत्तर म्हणून प्रणालीच्या विभागाला हात न लावता रूट मिळविण्याची पद्धत विकसित झाली. तैवानच्या जॉन वू यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘मॅजिस्क’ हे तिचे सर्वांत प्रचलित साधन होय. फोन सुरू होताना लागणारा गाभा व आरंभीच्या फाइली ‘बूट प्रतिमा’ नावाच्या एका फाइलीत बांधलेल्या असतात. मॅजिस्क त्या प्रतिमेत आपला कार्यक्रम सर्वांत आधी चालेल अशी योजना करते. बदललेली प्रतिमा चालण्यासाठी बूटलोडर मोकळा केलेला असावा लागतो.

आता अपडेटचे कार्य पाहू. संपूर्ण अपडेट बूट प्रतिमा नव्याने लिहिते. साहजिकच बदललेली प्रतिमा जाऊन निर्मात्याची शुद्ध प्रतिमा येते. केवळ फरक पाठविणारे अंशात्मक अपडेट आधी जुनी प्रतिमा मूळ स्वरूपात आहे काय हे तपासते आणि ती नसल्यास पुढे जाण्यास नकार देते. अनेक नव्या फोनांत प्रणालीचे दोन संच असतात. एक चालू असताना दुसऱ्यावर अपडेट लिहिले जाते आणि पुन्हा सुरू करताना फोन दुसऱ्या संचावर जातो. तिन्ही प्रकारांत अपडेट पूर्ण झाल्यावर रूट उरत नाही. यात वापरकर्त्याच्या माहितीचा विभाग अबाधित राहतो, ही बाब मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुनःप्राप्तीची रीत

पहिली पायरी म्हणजे जे सामान्य मार्गाने वाचविता येईल ते आधी वाचविणे. छायाचित्रे, संपर्क व अॅपमधून बाहेर पाठविता येणाऱ्या फाइली यांची प्रत संगणकावर घ्यावी.

दुसरी पायरी, बूटलोडर मोकळा आहे की बंद, याची खात्री करणे. पूर्वी रूट केलेला फोन बहुधा मोकळाच असतो व अपडेटने तो सहसा बंद होत नाही. तो बंद असल्यास येथेच थांबावे, कारण बूटलोडर मोकळा करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही योजना हेतुपुरस्सर आहे. अन्यथा चोरलेला फोन कोणालाही मोकळा करून वाचता आला असता. माहिती सांकेतिक स्वरूपात साठविलेली असते आणि पुसताना तिची किल्लीच नष्ट होते. म्हणून नंतर कोणत्याही उपायाने ती परत मिळत नाही.

तिसरी पायरी, सेटिंगमध्ये जाऊन अपडेटनंतरचा बिल्ड क्रमांक टिपून घेणे व नेमक्या त्याच क्रमांकाच्या अधिकृत प्रणालीतून बूट प्रतिमा काढणे. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या बहुतेक फोनांत ‘इनिट-बूट’ ही वेगळी प्रतिमा घ्यावी लागते.

चौथी पायरी, ती प्रतिमा फोनवर नेऊन मॅजिस्क अॅपकडून तिच्यात बदल करवून घेणे, बदललेली प्रत संगणकावर आणणे आणि फोन फास्टबूट अवस्थेत नेऊन ती त्याच नावाच्या विभागात लिहिणे. शुद्ध प्रतिमा संगणकावर जपून ठेवावी. काही बिघडल्यास परतीचा तोच मार्ग असतो.

दोन संचांच्या फोनांत अधिक सोपा उपाय आहे. अपडेटपूर्वी मॅजिस्कमधून मूळ प्रतिमा परत बसवावी, अपडेट उतरू द्यावे आणि फोन पुन्हा सुरू करण्यापूर्वी, निष्क्रिय संचावर स्थापना करण्याचा पर्याय निवडावा. त्यामुळे रूट जातच नाही.

आमचा प्रसंग

हे सर्व आज क्रमाने लिहिता येते. त्या वेळी मात्र घाई झाली. संगणकावर बदललेली एक बूट प्रतिमा सापडली. फाइलीच्या नावात बिल्ड क्रमांक नव्हता. तीच चालेल असे गृहीत धरून प्रस्तुत लेखकाने ती फोनवर लिहिली. फोन निर्मात्याच्या बोधचिन्हावर अडकला व तेथेच फिरत राहिला. प्रतिमा अपडेटपूर्वीची होती. तिच्यातील जुना गाभा आणि प्रणालीचे नवे भाग यांचा मेळ बसत नव्हता. काही फोनांत अशा वेळी आणखी एक संकट उद्भवते. सांकेतिक माहितीच्या किल्ल्या सुरक्षा-दुरुस्तीच्या दिनांकाशी बांधलेल्या असतात आणि दिनांक मागे गेला की त्या काम करीनाशा होतात.

अशा स्थितीत फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करावा, असा सल्ला एका जाणकाराने दिला. फोन त्याने कदाचित सुरू झाला असता. आजींचे कथन मात्र गेले असते. आम्ही रीसेट केले नाही. नव्या बिल्डची शुद्ध प्रतिमा मिळवून लिहिली, तेव्हा फोन उघडला आणि सर्व मुद्रणे जागेवर आढळली. अॅपमध्ये एकेक फाइल बाहेर पाठविण्याची सोय होती. ती कंटाळवाणी म्हणून आजवर टाळली होती. त्या संध्याकाळी तीन आठवड्यांची सर्व मुद्रणे तिच्यामार्फत एकेक करून संगणकावर घेतली आणि त्यानंतरच, योग्य प्रतिमेत बदल करून, रूट परत मिळविले.

या मुद्रणांत अनेकांनी सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. उत्खननात निघालेले खापर पिशवीत टाकताना खड्डा व थर यांची चिठ्ठी बरोबर असल्याखेरीज साहेब ती पिशवी पुढे जाऊ देत नसत. थर माहीत नसलेले खापर अभ्यासाच्या दृष्टीने जवळजवळ मुके असते. बिल्ड क्रमांक न लिहिलेली प्रतिमा हे तसेच बिनचिठ्ठीचे खापर होते. ज्यांचे कथन आम्ही जपत होतो, त्यांनीच सांगितलेला नियम आम्ही पाळला नव्हता.

सुरक्षितता व कायदा

रूट केलेल्या फोनवर एखाद्या अॅपला तो अधिकार चुकून दिला गेल्यास ते इतर सर्व अॅपची माहिती वाचू शकते. म्हणूनच अनेक बँकांची व देयकांची अॅप असा फोन नाकारतात; गूगलची ‘प्ले इंटिग्रिटी’ ही व्यवस्था अशा पडताळणीसाठीच आहे. काही अपडेट केवळ रूट टिकावे म्हणून टाळली जातात, हेही धोक्याचे आहे. बदललेली प्रतिमा तशीच ठेवून बूटलोडर पुन्हा बंद करू नये; फोन कायमचा अडकू शकतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या संगणक-प्रवेशाचा विचार आहे. यास्तव संस्थेच्या मालकीचा फोन रूट करण्यापूर्वी लेखी परवानगी घेणे इष्ट. अमेरिकेत २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्वतःच्या फोनवरील अशी बंधने उठविण्यास प्रताधिकार कायद्यातून सवलत दिली. आपल्या प्रताधिकार अधिनियमात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ समाविष्ट झाले असून, संरक्षक तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडणे हा त्याचा विषय आहे. हमीच्या अटी निर्मात्यागणिक भिन्न असतात. त्या आधी वाचाव्यात.

निष्कर्ष

१. अपडेट रूट अधिकार मुद्दाम हिरावून घेत नाही. ते प्रणाली मूळ स्थितीत आणते आणि रूट हा त्या मूळ स्थितीतील बदल असतो.

२. बूटलोडर मोकळा असल्यास त्याच बिल्डच्या बूट प्रतिमेच्या साहाय्याने, माहिती न गमावता रूट परत मिळविता येते. तो बंद असल्यास रूटची किंमत संपूर्ण माहिती ही असते.

३. संशोधन-सामग्रीचे जतन रूटवर अवलंबून ठेवू नये. प्रत निघते आहे की नाही हे दर आठवड्याला माणसाने स्वतः उघडून पाहावे.

आमच्या विभागात आता मुद्रण झाल्यावर त्याच दिवशी फाइल सामान्य मार्गाने बाहेर काढली जाते आणि तिच्या नावात गाव, दिनांक व कथनकर्त्याचा अनुक्रमांक लिहिला जातो. फोन अद्याप रूट केलेला आहे. परंतु त्यावाचून आता काही अडत नाही. आजींच्या कथनाची एक प्रत त्यांच्या घरीही देण्यात आली आहे.