स्वादुपिंडाचा कर्करोग : प्रतिकारशक्तीच्या खुणा काय सांगतात?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असल्यामुळे त्यातील गाठ सहसा हाताला लागत नाही, आणि कावीळ, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी किंवा घटते वजन यांवरून संशय येईपर्यंत बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच कर्करोगाने निधन झाले, तेव्हा आजार उघड होऊन जेमतेम वर्ष लोटले होते.

रोगाची पुढील वाटचाल अजमावण्यासाठी शरीरातील ज्या मोजता येणाऱ्या खुणा उपयोगी पडतात, त्यांना जैवचिन्हे म्हणतात. त्यांपैकी सर्वांत रुळलेले सीए १९-९ हे रक्तातील द्रव्य पित्तमार्ग तुंबून झालेल्या काविळीतही वाढते, तर शेकडा पाच ते दहा माणसांच्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून संशोधकांनी प्रतिकारशक्तीशी निगडित खुणांकडेही लक्ष वळवले.

त्यांतील सर्वांत स्वस्त खूण सीबीसी या साध्या रक्ततपासणीत दडलेली आहे. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल दाहाच्या वेळी वाढतात, तर लिम्फोसाइट कर्करोगाच्या पेशी ओळखून मारण्यात भाग घेतात. न्यूट्रोफिल ७५ टक्के आणि लिम्फोसाइट १५ टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर ५ येते. हे गुणोत्तर चढे असलेल्या रुग्णगटांचे आयुर्मान सरासरीने कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. प्रत्यक्ष गाठीत मात्र लिम्फोसाइटपैकी मारक टी-पेशी भरपूर असणे हे शुभलक्षण मानले जाते; पण या गाठीभोवतीचे दाट तंतुमय आवरण आणि प्रतिकार दडपणाऱ्या पेशी त्यांना आत शिरू देत नाहीत, आणि इतर काही कर्करोगांत गुणकारी ठरलेली इम्युनोथेरपी येथे सहसा निष्प्रभ ठरते, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

तरीही हा अडथळा अभेद्य नसावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील एका चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाच्या गाठीनुसार बनवलेली एमआरएनए लस १६ रुग्णांना देण्यात आली. त्यांपैकी ८ जणांत टी-पेशी जाग्या झाल्या आणि त्यांचा रोग उलटण्यास अधिक काळ लागला.

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावातल्या रुग्णाच्या दृष्टीने सीबीसीतील या गुणोत्तराचा आकडा कर्करोगाचे निदान करत नाही, कारण साध्या जंतुसंसर्गानेही तो चढतो. आणि निदान झाल्यावरही तो गटाची सरासरी सांगतो, एकट्या माणसाचे भवितव्य नव्हे. म्हणून स्कॅन, गाठीच्या तुकड्याची तपासणी आणि रुग्णाची ताकद यांच्या जोडीनेच तज्ज्ञाने तो वाचावा लागतो.