चिकासॉ राष्ट्राची पुनर्घटना

जमीन गेली म्हणजे शेतकऱ्याचें सर्वस्व गेलें, असें आपण म्हणतों. आणि तें बहुतांशीं खरेंही आहे. परंतु ज्याची जमीन एकदां नव्हे, दोनदां गेली, आणि तरीही जो नाहींसा झाला नाहीं, असा एक समाज अमेरिकेंत आहे. त्याची हकीकत आमच्या वाचकांनीं मनन करण्याजोगी आहे.

चिकासॉ हे त्या देशाचे मूळचे रहिवासी. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस, हल्लींच्या मिसिसिपी, आलाबामा, टेनेसी व केंटकी या संस्थानांत त्यांचा मुलूख पसरला होता. मका, घेवडा व भोपळा हीं त्यांचीं मुख्य पिकें. मक्याच्या ताटांवर ते घेवडा चढवीत व खालीं भोपळ्याचे वेल पसरूं देत. जमीन कोणा एकाच्या नांवची नसून सर्व राष्ट्राची असे. जो कसील त्याचें पीक.

पुढें कापसाच्या लागवडीसाठीं गोऱ्या वसाहतवाल्यांची दृष्टि या सुपीक भूमीवर गेली. १८३० सालीं मिसिसिपी संस्थानानें आपले कायदे चिकासॉंवर लादले व त्यांच्या नायकांनीं आपला अधिकार चालविणें हा गुन्हा ठरविला. त्याच सालीं मूळ रहिवाशांस नदीपलीकडे हलविण्याचा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसनें मंजूर केला. १८३२ च्या पाँटोटॉक येथील तहानें चिकासॉंना ६० लाख एकरांहून अधिक भूमि सोडावी लागली. मात्र ही जमीन मोजून विकावी व आलेला पैसा राष्ट्राच्या निधींत जमा व्हावा, असें तहांत ठरलें. या निधीवरच पुढचें सर्व अवलंबून होतें. परंतु आपल्या हद्दपारीचा खर्चही त्यांना त्यांतूनच सोसावा लागला!

नवी भूमि त्यांस फुकट मिळाली नाहीं. १८३७ सालीं चॉक्टॉ या आप्तसंबंधी राष्ट्राच्या मुलुखांत वस्ती करण्याचा हक्क त्यांनीं ५,३०,००० डॉलरांस विकत घेतला. प्रवासांत सडका शिधा वांट्यास आला. देवीच्या सांथीनें पुष्कळ माणसें दगावलीं. नेमून दिलेल्या पश्चिम भागांत मैदानी टोळ्यांच्या धाडी पडत. म्हणून अनेक कुटुंबें कित्येक वर्षें पूर्वेकडील छावण्यांतच राहिलीं. १८४२ सालीं वॉशिटा येथें किल्ला झाला, तेव्हां कोठें लोक आपल्या भागांत जाऊन शेतें पाडूं लागले.

चॉक्टॉंच्या सभेंत चिकासॉ नेहमींच अल्पसंख्य असत. तथापि आपल्या निधीचा कारभार त्यांनीं निराळा राखला होता, आणि त्याच्या वहिवाटीसाठीं सभा भरवितां भरवितां स्वतंत्र राज्यव्यवस्थेची त्यांना संवय झाली. १८५५ सालीं चॉक्टॉंना आणखी १,५०,००० डॉलर देऊन ते वेगळे झाले. ३० ऑगस्ट १८५६ रोजीं त्यांनीं आपली राज्यघटना मंजूर केली. टिशोमिंगो ही राजधानी ठरली व सायरस हॅरिस हे पहिले गव्हर्नर निवडून आले. १८५१ सालींच मुलांसाठीं एक विद्यालय उघडलें होतें. तेथें अक्षरविद्येबरोबर शेतकामही शिकवीत. मुलींसाठीं ब्लूमफील्ड येथें निराळी शाळा निघाली.

या उभारणींतील एक कलंक झांकून ठेवणें योग्य नव्हे. चिकासॉंतील श्रीमंतांनीं हजाराहून अधिक आफ्रिकी गुलाम बरोबर आणले होते, व नवीं शेतें पुष्कळशीं त्यांच्याच श्रमानें तयार झालीं. यादवी युद्धांत राष्ट्रानें दक्षिणेचा पक्ष घेतला. १८६६ च्या तहानंतर गुलाम मुक्त झाले, पण त्यांना नागरिकत्व कधींच दिलें गेलें नाहीं. स्वतः घालवून दिलेल्या लोकांनीं दुसऱ्यांस असें दाराबाहेर ठेवावें, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरा घाला कायद्याच्या रूपानें आला. १८९८ सालीं काँग्रेसनें सामायिक मालकी मोडण्याचें ठरविलें, व पुढें प्रत्येक चिकासॉच्या नांवें सरासरी प्रतीच्या ३२० एकरांच्या मोलाची जमीन तोडून देण्याचें ठरलें. मुक्त गुलामांस ४० एकर. वरवर पाहतां हा मोठाच लाभ! परंतु १९०८ सालीं विक्रीवरील निर्बंध पुष्कळांच्या बाबतींत उठले, आणि एकट्या पडलेल्या खातेदाराकडून कर्ज, लबाडी व खोटें पालकत्व यांच्या जोरावर जमिनी भराभर गेल्या. १९०७ सालीं ओक्लाहोमा संस्थान झालें. गव्हर्नर नेमण्याचा अधिकार अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेला.

तरी राष्ट्राचें नांव व पद शिल्लक राहिलें होतें. १९७० च्या कायद्यानें निवडणुकीचा हक्क परत मिळाला, १९७१ सालीं ओव्हरटन जेम्स हे निवडून आले, आणि १९८३ सालीं नवी घटना झाली. आज या राष्ट्राचें मुख्य ठाणें एडा येथें असून नागरिक ८०,००० हून अधिक आहेत. द्यूतगृहें व इतर उद्योग यांच्या उत्पन्नांतून दवाखाने, घरें व शिष्यवृत्त्या चालतात. १९८७ पासून बिल अनोआटबी हे गव्हर्नर आहेत. चिकासॉंचा राखीव प्रदेश काँग्रेसनें कधींच रद्द केला नव्हता, असा निर्णय २०२१ सालीं ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयानें दिला. मात्र विकलेल्या जमिनी त्यामुळें परत आल्या नाहींत.

या इतिहासाचें तात्पर्य उघड आहे. पहिल्या वेळीं भूमि गेली, पण निधि, शाळा व सभा एकत्र होत्या. म्हणून वीस वर्षांत राष्ट्र पुन्हां उभें राहिलें. दुसऱ्या वेळीं प्रत्येकाच्या हातीं कागद होता, पण पाठीशीं कोणी नव्हतें. म्हणून सांवरावयास सत्तर वर्षें लागलीं. खात्यावर आपलें नांव असणें चांगलेंच. पण तें नांव राखावयास संघटित समाज लागतो, हें शेतकऱ्यानें विसरूं नये.