जुनं मॅकबुक विकण्याआधी बॅटरी तपासा

लॅपटॉप चांगला चालतोय, फक्त चार्जर काढला की तासाभरात मान टाकतो? मग नवा घेण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा दुखणं फक्त बॅटरीचं असतं.

सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'पॉवर' उघडा. तिथे सायकल काउंट दिसेल. एक सायकल म्हणजे एकूण 100 टक्के वापर. आज निम्मी, उद्या निम्मी संपली तरी सायकल एकच. गेल्या दशकभरातल्या मॅकबुकसाठी सायकलची मर्यादा 1000 आहे. 'सर्व्हिस रेकमेंडेड' असं दिसलं की बॅटरी बदलायची वेळ झाली.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. मॉडेलची विक्री थांबून 7 वर्षं झाली की ॲपल साधारणपणे दुरुस्ती बंद करते. पण मॅक लॅपटॉपची फक्त बॅटरी 10 वर्षांपर्यंत बदलून मिळू शकते, सुटे भाग उपलब्ध असतील तर. त्यामुळे 'आता खूप जुना झाला' असं स्वतःच ठरवू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी वरच्या भागाला चिकटवलेली असते. त्यामुळे कंपनी बऱ्याचदा कीबोर्डसकट तो अख्खा भागच बदलते. झिजलेल्या बटणांच्या जागी कोरा कीबोर्ड मिळतो, हा मला त्यातला सर्वात मोठा फायदा वाटतो!

लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी बॅकअप घ्याच. आणि ट्रॅकपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, घरी उघडू नका.