स्पोर्ट्‌स कारची घरची देखभाल : मांडूला निघण्याआधी

पावसाळा सुरू झाला की धार, इंदूर, देवासच्या आपल्या घरांत मांडूचा बेत ठरतोच. हल्ली काही जणांकडे हौसेची दोन आसनी गाडीही असते. मुलाने घेतलेली, नाहीतर निवृत्तीनंतर जुनी मिळवलेली. तिची कोणती कामे घरी करता येतात, अशी विचारणा सभासदांकडून होते, म्हणून हे लिहीत आहोत. आम्ही मेकॅनिक नव्हे, बी.कॉम. करून बँकेत नोकरी केलेले लोक. पण पाने आणि जॅक हातात धरायला लागून आता बरीच वर्षे झाली.

आपल्या देशात स्पोर्ट्‌स कार म्हणून जी थोडी नावे घेता येतात, त्यात सॅन स्टॉर्म हे एक. बंगळूरच्या सॅन मोटर्सची ही गाडी १९९८ मध्ये आली आणि ती गोव्यात तयार होत असे. फायबरग्लासची हलकी बॉडी, रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन, साधारण ६० अश्वशक्ती. आकडा ऐकून कोणी हसेल, पण हलक्या गाडीला तेवढे पुरते. फार थोड्या गाड्या बनल्या, आणि कंपनीचे शोरूम शोधायला जाऊ तर हाती काही लागत नाही. अशा गाडीच्या मालकाला थोडेफार मेकॅनिक व्हावेच लागते. महागड्या परदेशी गाडीवाल्याची अडचण उलटी : सर्व्हिस सेंटर आहे, पण ते दुसऱ्या शहरात, आणि बिल बघून घरचे विचारतात की ही गाडी की दुसरे घर?

तरीही पैसे वाचवणे हे घरच्या देखभालीचे मुख्य कारण आम्हाला वाटत नाही. मुख्य कारण असे, की हौसेची गाडी किलोमीटरने म्हातारी होत नाही, ती कॅलेंडरने होते. बँकेत घसारा लावताना यंत्र चालले की नुसते उभे राहिले, हे कोणी विचारत नाही. या गाडीचेही तसेच आहे. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालली, मग तिला काय झाले असणार, असे म्हणून ती वर्षानुवर्षे कव्हरखाली राहते. गॅरेजवालाही मीटर बघून ‘अजून वेळ आहे साहेब’ म्हणतो. आणि नेमकी ती गाडी आपण घाटात घालतो.

सर्वांत आधी ब्रेक ऑइल. म्हणायला ऑइल, पण ते तेल नव्हे. ग्लायकोल जातीचा हा द्रव हवेतले पाणी हळूहळू शोषून घेतो, गाडी उभी असतानाही. नव्या डॉट ४ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर प्रमाण धरलेला किमान आकडा १५५ वर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सपाट रस्त्यावर याने काही बिघडत नाही. उतारावर मात्र सतत ब्रेक दाबून चाकाजवळचा द्रव उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पाय पार खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही.

उष्णता किती होते, याचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडला. ९०० किलोची गाडी ३०० मीटर खाली उतरली तर जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात सुमारे आठ लिटर गार पाणी उकळेल. इंजिनाने ती अडवली नाही, तर बहुतेक सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. मानपूरहून धामनोदकडे उतरणारा गणपती घाट आपल्याला नवा नाही. तिथे ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. कार हलकी असते हे खरे, पण शास्त्र तेच.

म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, मीटर काहीही म्हणो. बाटलीवरची प्रत गाडीच्या पुस्तकाप्रमाणे हवी आणि सील नवे हवे. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरू नये, तिनेही पाणी प्यायलेले असते. डॉट ५ हा सिलिकोनचा वेगळाच प्रकार आहे. आकडा मोठा म्हणून तो ओतू नका. कामाला दोन माणसे लागतात. आमच्याकडे पेडलवर सौ. असतात. आम्ही चाकाजवळून ‘दाब’ म्हणतो, त्या ‘दाबलंय हो’ म्हणतात, मग नट सैल करून जुना द्रव नळीतून बाटलीत घ्यायचा, नट आवळायचा आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणायचे. क्रम चुकला तर हवा आत जाते. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. सांडलेला थेंब रंग खातो, लगेच पाण्याने धुवावा. पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी उभा करा. आणि एबीएस असलेल्या गाडीचे हे काम सरळ वर्कशॉपलाच द्या.

टायरचेही कॅलेंडर असते. बाजूवर चार आकडी शिक्का शोधा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चांगला ठरत नाही. रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, गार टायरमध्ये मोजावी.

फायबरग्लासच्या गाडीला दोन खास गोष्टी. साध्या गाडीत लोखंडी बॉडीच विजेची परतीची वाट असते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार लागते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा मिणमिणतो, असे भुताटकीचे प्रकार दिसले, तर बल्ब बदलत बसण्याआधी त्या तारांची टोके पॉलिश पेपरने घासा. धुक्यात मांडूला जाताना मागचा दिवा ही चैनीची वस्तू नाही. दुसरे, जॅक बॉडीला लावू नका, तडा जाईल. पुस्तकात दाखवलेल्या चासीच्या जागीच लावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी हात घालण्यापुरतेही, जायचे नाही. खाली पक्के स्टँड हवेत आणि जमीन सपाट.

इंजिन ऑइल, एअर फिल्टर, वायपर, बॅटरीची टोके ही कामे सोपी आहेत, त्यावर शाई खर्च करत नाही. कूलंटचे झाकण गरम इंजिनावर उघडू नये, एवढेच. टायमिंग बेल्ट, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांना घरी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिडिओत दहा मिनिटांत होते म्हणून आपल्या अंगणात होईलच असे नाही.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासल्याशिवाय पास होत नसे. तेच घरी लागू करा : चाकाचे नट आवळले की दुसऱ्याने टॉर्क पान्याने पुन्हा बघावेत. तारीख आणि मीटर वहीत लिहावे. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. तिथे कंपन्या गाड्या तपासतात आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतात. आपली तीन रुपयांची वही त्याच कामाची.

परतताना नालछ्याकडे येतानाच्या वळणांत, आणि महेश्वरला जायचे असेल तर पुढच्या मोठ्या उतारावर, गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. इंजिनाचा आवाज वाढतो, त्याला घाबरू नका. ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडा, सतत टेकवून ठेवू नका. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले तर सुरक्षित जागी थांबून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते. तेवढा वेळ हँडब्रेकही ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा, आणि निघताना तो रस्त्यातून बाजूला करावा.