सुवर्णभुंग्याचे कुळ

अमेरिकेतील जुन्या निवडणुकांचे बिल्ले जमवणाऱ्यांच्या संग्रहांत एक लहानसा पितळी भुंगा आढळतो, ज्यावर ना उमेदवाराचे नाव असते, ना पक्षाचे निशाण. परंतु त्याच जातीच्या काही भुंग्यांना कळ असते, ती दाबताच मिटलेले पंख फडकन उघडतात आणि विल्यम मॅकिन्ली व गॅरेट हॉबर्ट यांच्या प्रतिमा प्रकट होतात. आणि ही जोडी अध्यक्ष व उपाध्यक्ष या पदांसाठी एकदाच, १८९६ साली, उभी राहिली, कारण हॉबर्ट १८९९ मध्ये निवर्तले, एवढी गोष्ट त्या मुक्या भावंडांचाही काळ मुक्रर करण्यास पुरेशी आहे.

त्या निवडणुकीतला वाद चलनाचा होता. सोळा भार रुप्यास एक भार सोने या दराने सरकारने रुप्याची नाणी अमर्याद पाडून द्यावीत, असा आग्रह धरून कर्जाने गांजलेले शेतकरी आणि रुप्याच्या खाणींचे धनी मॅकिन्ली यांचे प्रतिस्पर्धी असलेल्या ब्रायन या छत्तीस वर्षांच्या वक्त्यामागे एकवटले होते. बाजारात मात्र सोन्याचे मोल रुप्याच्या सुमारे तीसपट झाले असल्यामुळे पेढीवाले व कारखानदार सोन्यालाच धरून होते. या सुवर्णनिष्ठांना ‘गोल्ड बग’, म्हणजे सोन्याचे किडे, हे नाव चिकटलेलेच होते. त्यांनी ते पितळेत घडवून कोटावर मिरवले, आणि प्रतिपक्षानेही रुपेरी किडे काढून त्यास उत्तर दिले.

या वंशावळीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुंबईचा धागा. कोणाही सराफाने चांदीच्या लगडी टांकसाळीत न्याव्यात आणि सरकारी दस्तुरी देऊन त्यांचे रुपये पाडून घ्यावेत, ही हिंदुस्थानातील जुनी वहिवाट २६ जून १८९३ रोजी मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत बंद झाली. रुप्याचे एवढे मोठे गिऱ्हाईक नाहीसे होताच भाव कोसळले, कोलोरॅडोतील खाणी बंद पडू लागल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने सरकारी रुपेखरेदीचा कायदाही रद्द केला; ब्रायन यांच्यामागे उसळलेल्या क्षोभात या साऱ्याचा मोठा वाटा होता. आपल्याकडे टांकसाळबंदीचा इतिहास सांगताना विनिमयदराची चर्चा विस्ताराने होते, पण हा दूरगामी परिणाम अनुल्लेखित राहतो, याची मला खंत वाटते.

मॅकिन्ली विजयी झाले, १९०० च्या मार्चमध्ये सुवर्णचलनाचा कायदा संमत झाला, आणि त्या वर्षीच्या प्रचारात त्यांच्या पक्षाने भुंग्याऐवजी कामगाराचा भरलेला जेवणाचा डबा पुढे केला.