हुद्द्याचे आडनाव, चौकटींचा पट्टा

एडिंबरातल्या रॉयल माइलवर पर्यटकांसाठी थाटलेल्या दुकानांत किल्लीच्या साखळ्या, कप, भिंतीवर लावायच्या लाकडी ढाली मांडलेल्या असतात. प्रत्येक वस्तूवर एक आडनाव आणि त्याचे ‘कुलचिन्ह’. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतून आलेले स्कॉटिश वंशाचे लोक आपले आडनाव शोधून त्यातली एखादी वस्तू घरी नेतात. या खरेदीमागची ओढ खरी आहे, तिचा मान राखायलाच हवा. पण तिच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे. एक आडनाव म्हणजे एक रक्त आणि त्या रक्ताची एक ढाल, असे स्कॉटलंडमध्ये कधीच नव्हते. ज्या आडनावाने त्या देशाला राजघराणे दिले, त्या स्ट्युअर्टचाच इतिहास पाहिला तरी हे उघड होते. हे नाव एका नोकरीतून आले, त्याची ढाल ही एका माणसाची मुद्रा होती आणि ती ढाल रक्तापेक्षा चाकरीचे नाते अधिक सांगते.

जुन्या इंग्रजीत वाड्याची देखरेख करणाऱ्या माणसासाठी जो शब्द होता, त्यापासून ‘स्टुअर्ड’ म्हणजे कारभारी हा शब्द झाला. स्कॉटलंडमधल्या उच्चारात शेवटच्या ‘ड’चा ‘ट’ झाला. कुलकर्णी, फडणीस, चिटणीस ही नावे रोज घेणाऱ्या आपल्याला हुद्द्याचे आडनाव होणे नवे नाही. बाराव्या शतकात पहिल्या डेव्हिड राजाने वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन या सरदाराला आपला कारभारी नेमले. राजाचे घर, त्याची मिळकत आणि वेळ पडली तर सैन्य, असा या पदाचा पसारा होता. पुढे चौथ्या माल्कमने हे पद त्याच्या घराण्याकडे वंशपरंपरेने कायम केले आणि दोन-तीन पिढ्यांत पदाचेच नाव झाले. ‘स्टुअर्ट’ हे लेखन फ्रान्सच्या संबंधातून रूढ झाले. तिथे वाढलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीमुळे ते विशेष प्रसिद्धीस आले. पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या पहिल्या नावात दिसते ते याच रूपात. मात्र कारभारी काही एकट्या राजाच्याच पदरी नसे. मोठ्या जहागिरींवर, मठांच्या जमिनींवरही तो असे. शिवाय कुळे आणि आश्रित आपल्या धन्याचे नाव लावीत. म्हणून आजचे सगळे स्ट्युअर्ट वॉल्टरचे वंशज आहेत असे मानायला आधार नाही.

यावर कोणी म्हणेल की निदान मूळ घराण्याची वंशावळ तरी पक्की आणि पुरातन आहे; शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधला बँको त्यांचाच पूर्वज ना? ही कथा 1527 साली छापलेल्या हेक्टर बोईसच्या लॅटिन इतिहासातून लोकप्रिय झाली. बँकोचा मुलगा वेल्समध्ये पळून जातो आणि त्याच्या वंशात पहिला कारभारी जन्मतो, अशी ती हकिकत. तेव्हाच्या राजघराण्याला ती सोयीची होती, कारण तिच्यामुळे परक्या मुलखातून आलेले कुळ मुळात याच मातीचे ठरत होते. पण बँको नावाच्या सरदाराचा समकालीन पुरावा नाही. उलट कागदपत्रे दुसरीकडेच बोट दाखवतात. 1901 साली जॉन होरेस राउंड या इंग्रज वंशावळ-अभ्यासकाने फ्रान्समधल्या मठांची जुनी दानपत्रे पुढे ठेवून दाखवले की वॉल्टरचे पूर्वज ब्रिटनीतल्या डोल गावचे होते आणि तिथेही वंशपरंपरेने कारभारीच होते. वॉल्टरचा बाप पहिल्या हेन्रीच्या काळात इंग्लंडमध्ये आला आणि वेल्सच्या सीमेवरच्या श्रॉपशरमध्ये स्थिरावला. वॉल्टरने 1163 च्या सुमारास पेझलीला मठ स्थापला, तेव्हा त्याने पहिले भिक्षू याच श्रॉपशरमधल्या वेनलॉकहून आणवले आणि वेनलॉकच्या संत मिलबर्गाचे नावही त्या मठाला जोडले. माणूस नव्या जागी देऊळ उभारतो तेव्हा गावचा देव बरोबर नेतो. पेझलीचा हा पुरावा मला कोणत्याही बखरीपेक्षा बोलका वाटतो.

आता ढाल पाहू. सोनेरी पृष्ठभाग, मधोमध एक आडवा पट्टा आणि त्या पट्ट्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे निळे आणि रुपेरी चौकोन, बहुधा तीन ओळींत. बस, एवढेच, सिंह नाही, गरुड नाही. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉल्टरचा मुलगा अ‍ॅलन याच्या मेणाच्या मुद्रेवर हा पट्टा दिसतो आणि स्कॉटलंडमधल्या टिकून राहिलेल्या ढालचिन्हांत तो सर्वांत जुन्यांपैकी आहे. ज्या काळी सरदार सही करत नसत, त्या काळी मुद्रा हीच सही होती. म्हणजे ढालीचे हे चिन्ह ‘मी अमुक माणूस’ असे सांगण्यासाठी होते. त्या चौकोनांचा अर्थ मात्र वादाचा आहे. राजाच्या खजिन्यात चौकटींचे कापड अंथरून त्यावर सोंगट्या मांडत हिशेब होई, ते कापडच कारभाऱ्याने ढालीवर घेतले, असे नेहमी सांगितले जाते. अर्थ इतका चपखल बसतो की तो खरा असावा असे वाटते. पण फ्रान्समधल्या व्हर्मांद्वाच्या सरदारांची आणि इंग्लंडमधल्या वॉरेन घराण्याची ढालही चौकटींचीच होती आणि त्यांच्यापैकी कोणी राजाचा हिशेबनीस म्हणून ती घेतली नव्हती. म्हणून हिशेबाच्या कापडाला मी शक्यता म्हणेन, सिद्ध गोष्ट म्हणणार नाही.

चौकटींचा उगम काहीही असो, पुढे त्यांचा अर्थ काय झाला हे मात्र स्वच्छ दिसते. कारभाऱ्यांची मुख्य जहागीर रेनफ्रूच्या मुलखात होती. त्याच मुलखातल्या सेंपल घराण्याच्या ढालीवर चौकटींची कैची, म्हणजे छपरासारखा टोकदार पट्टा, आहे, भोवती तीन शिंगे. ह्यूस्टन घराण्याच्या ढालीवरही चौकटींची कैची, फक्त रंग काळा-रुपेरी. ही माणसे स्ट्युअर्ट नव्हती. ती त्यांच्या आश्रयाखालची होती. धन्याच्या चौकटी घेऊन त्यांनी आपली बाजू ढालीवर मांडली. उलट सख्ख्या स्ट्युअर्टांना मात्र तीच ढाल जशीच्या तशी लावता येत नसे. 1298 मध्ये फॉलकर्कच्या लढाईत पडलेला बॉंकलचा सर जॉन स्ट्युअर्ट हा धाकट्या शाखेचा. त्या शाखेच्या ढालीवर चौकटींच्या पट्ट्यावरून एक तिरपा लाल पट्टा जातो आणि त्यावर तीन सोनेरी बकले आहेत. ‘बॉंकल’ आणि ‘बकल’ या उच्चारांतल्या साम्यावरून घेतलेली. चौकटी पाहून घराणे ओळखावे, बकले पाहून शाखा.

आजही कायदा तेच सांगतो. स्कॉटलंडमध्ये ढाली ‘लॉर्ड लायन’ या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येतात आणि 1672 च्या कायद्यानुसार त्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवली जाते. नोंदलेली ढाल एका व्यक्तीची मालमत्ता असते. ती वारसाकडे जाते आणि धाकट्या शाखांना काही फरक करून नवी नोंद घ्यावी लागते. दुसऱ्याची ढाल वापरणे हा गुन्हा आहे. मग दूरदेशीच्या साध्या स्ट्युअर्टाने काय करायचे, हा आक्षेप उरतोच. तोही कुळाचा माणूस नाही का? आहे, आणि परंपरेने त्याची सोय ठेवली आहे. कुळप्रमुखाच्या शिरस्त्राणावरचे चिन्ह बकल असलेल्या पट्ट्याच्या वर्तुळात बसवून बिल्ला म्हणून लावता येते. तो पट्टा म्हणजे ‘हे चिन्ह माझे नाही, मी त्या प्रमुखाचा’ अशी कबुली. सेंपलांच्या कैचीने शतकांपूर्वी हेच नाते सांगितले होते. म्हणून विकत घ्यायचेच असेल तर ढाल नको, तो बिल्ला घ्यावा.

वॉल्टरच्या वंशातल्या सहाव्या कारभाऱ्याने 1315 मध्ये रॉबर्ट ब्रूस राजाच्या मुलीशी, मार्जरीशी लग्न केले. त्यांचा मुलगा 1371 मध्ये दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसला आणि त्याच्या ढालीवर स्कॉटलंडचा लाल सिंह आला. हुद्दा मात्र सुटला नाही. ब्रिटनच्या गादीचा वारस आजही स्कॉटलंडचा ‘ग्रेट स्टुअर्ड’ म्हणवतो आणि त्याच्या स्कॉटलंडमधल्या ढालीच्या पहिल्याच चौथाईत निळ्या-रुपेरी चौकटींचा तो पट्टा असतो.